रायफलीतल्या अक्षता

पुण्याहून सातासमुद्रापार रोटोटुनाला आलेल्या चारुदत्त इंजिनिअरने २००६च्या दसऱ्याला नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची साग्रसंगीत पूजा केली आणि दुसऱ्याच दिवशी नेमबाजीच्या रेंजवर तिने त्याची अब्रू घालवली. दर गोळीला अडायची. त्याने तेल घातलं, गोळ्या बदलल्या, स्वतःला शिव्या घातल्या. अखेर रेंज सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ट्रेवरने ती रिकामी करून उघडली, तर आतून कुंकवात माखलेले तांदूळ निघाले! चारुदत्तने ओशाळून शस्त्रपूजेचं सांगितलं. ट्रेवर हसला नाही. दाणे कागदात बांधून त्याच्या हाती दिले, रायफल नीट लावून दिली. परक्या मुलखात आपला मूर्खपणा कोणी असा जपून परत करावा, याला भाग्यच लागतं.

पुढच्या दसऱ्याला दारात ट्रेवर उभा, स्वतःची जुनी रायफल घेऊन.

“टिळा लाव,” म्हणाला, “तांदूळ मात्र नको.”