केरीचा तंबू आणि कोरगावचा पदेर

स्वतःच्याच मुलखात तंबू ठोकून राहणारा माणूस शहाणा नसतो, हे मला तंबू विकत घेतल्यावर कळलं.

बेत साधा होता. डिचोलीहून निघायचं, हळर्णचा किल्ला बघायचा, मुक्काम केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली, आणि सकाळी तेरेखोल. "किल्ला बघायला जायचं आणि आत्याकडे सोलकढी पिऊन परत यायचं, याला काय प्रवास म्हणतात?" असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं होतं. (ऐकवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.)

हळर्णचा किल्ला पंधरा मिनिटांत झाला. त्यातली चौदा मिनिटं मी बायकोला, सुषमाला, इतिहास सांगितला. तिनं तो फलकावर आधीच वाचला होता.

अडचण एकच. वाटेत कोरगाव, आणि कोरगावात माझी थोरली बहीण. ताईला कळलं असतं तर तंबू राहिला असता गाडीवर आणि आम्ही तिच्या पाटावर. म्हणून तिच्या दारावरून जाताना मी काचा वर केल्या आणि मान खाली घातली. (गाडी मीच चालवत होतो.)

"टपावर पिवळाधमक तंबू बांधलाय, आणि तोंड कसलं लपवताय?" बायको म्हणाली.

समोरून सायकलवर पाव विकणारा पदेर भोंगा वाजवत आला. त्यानं हात केला. मी ओळख दिली नाही.

केरीला तासाभरात तंबूची एक बाजू उभी राहिली. दुसरी उभी करायला आत शिरलो, तर पहिलीही अंगावर आली आणि चेन अडकली. बाहेर फक्त माझे पाय. चार पर्यटक फोटो काढू लागले. "जरा या बाजूनं घ्या," असं बायको त्यांना सुचवत होती.

तेवढ्यात भावोजींची पिकअप थांबली.

"सुषमा, माज्या भावाक घरातसून भायर काढलंस?" ताईचा आवाज. "पदेर सांगत होतो, बिऱ्हाड टपार बांधून, तोंड लपवत केरीच्या वाटेन गेलो म्हणान."

"तसं काही नाही ताई," मी तंबूतून म्हणालो. "तुझ्याकडेच येत होतो."

"केरीक येवन? कोरगाव पाठी रवला."

मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई गेल्यापासून तुज्या गाडीचो आवाज ऐकत रवतंय रे. आणि तू माज्या दारावरसून काच वर करून गेलंस?"

चेन अडकली होती तेच बरं झालं, असं वाटलं. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

भावोजींनी एका हिसड्यात चेन उघडली आणि आम्ही मुकाट कोरगावला आलो. तिथं अंगणात त्यांनी तोच तंबू दहा मिनिटांत उभा केला. मी पोटभर जेवून माजघरात खाटेवर झोपलो.

सकाळी ताईनं तंबू दिलाच नाही. "न्हेवक ये," म्हणाली. तेव्हापासून दर महिन्याला मी तो आणायला जातो, जेवतो, झोपतो आणि हात हलवत परत येतो. तंबूत तिची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. कॅम्पिंगचा अनुभव कुणाला हवाच असेल तर त्या कोंबडीला विचारावा. माझ्या तंबूत माझ्यापेक्षा जास्त रात्री तिनं काढल्या आहेत, आणि तिची चेन एकदाही अडकलेली नाही.