तिसऱ्या मजल्यावरची दिवेलागण

वीज वाचवायची म्हणून कंपनीने आमच्या सगळ्या इमारतींत सेन्सरचे दिवे बसवले. माणूस हलला की दिवा लागतो, हालचाल थांबली की जातो. मी मान खाली घालून तासन्‌तास वाचत बसणारी, त्यामुळे माझ्या डोक्यावरचा दिवा सारखा जायचा आणि मी चरफडत, हात हलवून त्याला परत बोलवायचे.

काल संध्याकाळी साफसफाईच्या कुसुमताई बादली घेऊन आमच्या मजल्यावर आल्या. त्यांच्या पावलांबरोबर दारातला दिवा लागला. त्यांनी बादली खाली ठेवली आणि दिव्याला हात जोडले.

मला हसू आलं. "कुसुमताई, ट्यूबलाइटला नमस्कार?"

"दिवेलागणीला घरी करतोच की, मॅडम. इथं इतकी वर्षं दिवा लागायचाच नाही. यावं तेव्हा लागलेलाच, जावं तेव्हाही लागलेलाच. नमस्कार करायचा कधी?"

कुठे कोळसा जळत होता, कुठे धरणाचं पाणी खाली येत होतं, कुणी भर पावसात खांबावर चढत होतं, म्हणून माझ्या कागदावरची अक्षरं दिसत होती. मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

कुसुमताई पुढच्या खोलीत गेल्या. मी वाचायला लागले आणि व्हायचं तेच झालं, दिवा गेला. सवयीने हात वर केला. दिवा लागला. एका हातानेच काम भागलं होतं, तरी दुसरा आपोआप पहिल्याला जाऊन जुळला.