तन्वीच्या कार्डावरची सही

"मॅडम, आमच्या शाळंत एकाचाबी डोळा अधू निघायचा न्हाई. बघाच तुम्ही!" उचगावजवळच्या एका प्राथमिक शाळेचे हेडसर दारातच म्हणाले. मला हसू आलं. तिथंच थांबून विचारायला हवं होतं की, तुम्हाला कसं ठाऊक?

मी शाळा तपासणी पथकात डॉक्टर आहे. आम्ही गाडी घेऊन शाळाशाळांत जातो. पोरांची वजन-उंची, दात, कान, डोळे, छाती बघतो. काही निघालं की मोठ्या दवाखान्यात पाठवतो. आजार वाढायच्या आत पकडायचा, एवढंच काम.

डोळ्यांसाठी एक तक्ता असतो. त्यावर इंग्रजी ई सारखी चिन्हं, वरून खाली बारीक होत जाणारी, चारी दिशांना तोंडं केलेली. पोरानं एक डोळा झाकायचा आणि चिन्हाचं तोंड कुठं आहे ते सांगायचं. असाच, याच क्रमाचा एक तक्ता आदल्या वर्षी आम्हीच त्या शाळेला देऊन आलो होतो. सरांनी अधूनमधून पोरांचे डोळे बघावेत, हा हेतू.

दुसरीचा वर्ग धडाधड सुटला. "उजवीकडं, खाली, वर, डावीकडं..." एक जण अडखळेल तर शपथ.

आमच्या सिस्टर माझ्याहून जुन्या. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, पाठ केल्यागत म्हणायल्यात पोरं. मधलीच चिन्हं विचारूया का?"

खरं तर नियमच तो. पण अजून दोन शाळा उरल्या होत्या आणि ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला होता. मी म्हणाले, "हुशार आहेत हो पोरं. चला, उरका."

त्या रांगेत तन्वी होती. सात पूर्ण व्हायची होती. खरं सांगते, त्या दिवशीची तन्वी मला आठवतसुद्धा नाही. पोरांच्या घरी जाणारं तपासणीचं कार्ड असतं, तिच्या त्या कार्डावर मी 'डोळे नॉर्मल' लिहिलं आणि सही ठोकली.

पुढच्या वर्षी आमची गाडी बंद पडली, त्या शाळेची फेरी राहूनच गेली. त्यानंतरच्या वर्षी गेलो तेव्हा तन्वी चौथीत होती. सिस्टरनी या खेपेला मला न विचारताच नवा तक्ता टांगला. त्याचा क्रम निराळा.

तन्वीनं उजवा डोळा झाकला. सावकाश बघून सगळं बरोबर सांगितलं. मग डावा झाकला, आणि पोरीला एकदम वेग आला. "उजवीकडं, खाली, वर, डावीकडं..." समोरच्या चिन्हांशी कशाचा काही मेळ नाही.

"तन्वी, दिसतंय का तुला?"

"म्हणतो की. पाठ हाय माझं."

"म्हणू नकोस बाळा. दिसतंय का ते सांग."

तिनं डोळ्यावरचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "ह्या डोळ्यानं न्हाई दिसत. तक्ता पाठच करायचा असतोय न्हवं?"

मागं उभ्या हेडसरांचा चेहरा पार उतरला. "मीच पाठ करून घेतोय ओ मॅडम दरवर्षी. वर्गतपासणीला साहेब येणार असले की पाढे घेतोय, कविता घेतोय. मला वाटलं ह्येबी तसलंच. शाळंला कमीपणा नको, म्हणून."

त्यांच्यावर ओरडणार कशी? सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मधलीच चिन्हं विचारूया, असं त्या दोन वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तन्वीच्या आईला समजावलं. याला आळशी डोळा म्हणतात. डोळा दिसायला धडधाकट असतो, पण नंबर मोठा असल्यानं त्यातून धूसर दिसतं. मग मेंदू त्या डोळ्याकडं लक्ष देणंच सोडून देतो. लहान वयात चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावली, की मेंदूला परत सवय लागते. वय वाढतं तशी ही आशा कमी होत जाते.

"दोन वर्षांपूर्वी आणायला हवी होती हिला," डॉक्टर म्हणाले.

आईनं पिशवीतून कार्ड काढलं. "मी म्हणतच होतो की. टीव्ही बघताना मान वाकडी करती, एकदा डोळ्याच्या दवाखान्यात दावूया. तवा हिच्या पप्पांनी ह्ये कार्ड म्होरं केलं. म्हणाले, डाक्टरनी नॉर्मल लिवलंय, उगं कशाला?"

निळ्या शाईत माझी सही. "ताई, चूक माझी आहे," मी म्हणाले. तिनं कार्ड परत पिशवीत ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला.

तन्वीनं वर्षभर पट्टी लावली. पोरं चिडवायची, तरी लावली. उजव्या डोळ्याला तक्त्याच्या वरच्या तीन ओळी दिसायला लागल्या. चौथी काही दिसेना. यापुढं फारसं जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता मी तक्ता शाळेत ठेवून येत नाही. कुठलंही चिन्ह कुठूनही विचारते. ड्रायव्हर हॉर्न मारत बसतो.

तपासणीच झाली नसती, तर आई त्याच वर्षी तिला दवाखान्यात घेऊन गेली असती. नेणारच होती ती. माझ्या सहीनं तिला थांबवलं.

ते कार्ड त्या घरात अजून आहे. मी परत मागितलं नाही.