टेस्टला फोन लाव

डोंबिवली ते ठाणे या रस्त्यावर गाडी न चालवता, गाडीत न बसता आणि घराबाहेर पाऊलही न टाकता आमच्या वरच्या काकांइतका प्रवास दुसऱ्या कोणी केला असेल, असं मला वाटत नाही. काटई नाक्यावर गाड्या कुठून तुंबायला लागतात, शीळफाट्याच्या अलीकडचा कोणता खड्डा बुजवला आणि त्याच्या शेजारी कोणता नवा पडला, मुंब्रा बायपासला ट्रेलर बंद पडला की रांग कुठवर येते, हे सगळं त्यांना चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत, वेताच्या खुर्चीवर बसून ठाऊक असतं. काकांकडे गाडी नाही आणि लायसन्सही नाही. तरुणपणी एकदा मित्राची स्कूटर शिकायला गेले, ते थेट दूधवाल्याच्या सायकलवर जाऊन थांबले. त्या दिवसापासून वाहन या विषयात त्यांनी फक्त सल्लागाराची भूमिका घेतली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ते बरोबर माझ्या डोक्यावर, म्हणून ते 'वरचे काका'. सोसायटीतले बाकीचे लोक त्यांना काय म्हणतात ते पुढे येईलच.

काकांचा विषय एकच, गाडी चालवताना हात न लावता फोनवर बोलता येणं. त्याला ते 'हँड्सफ्री' म्हणतात, आणि घरातली वडीलधारी माणसं 'सोवळं' हा शब्द ज्या गांभीर्याने उच्चारायची, त्याच गांभीर्याने म्हणतात. आमच्या इमारतीत नवी गाडी आली की आधी तिच्यापुढे नारळ फुटायचा, चाकांखाली लिंबं चिरडली जायची, पेढे वाटून व्हायचे, आणि मग जिन्यातून काका उतरायचे. खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत वायरींची भेंडोळी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, चष्म्याचं फडकं, फोन अडकवायचे स्टँड आणि एक जुना टूथब्रश. तो ब्रश कशाला, असं मी एकदा विचारलं. "फोनच्या जाळीत धूळ बसते ना, ती काढायला. तू दातांची डॉक्टर, आणि हे तुला सांगावं लागतं?" असं म्हणून त्यांनी माझीच खेचली. गाडीत बसण्याआधी ते चपला बाहेर काढून ठेवायचे. गाडीच्या मालकाला संकोच वाटून तोही बूट काढायचा, आणि मग दोघं अनवाणी मांडी घालता येईल का याचा अंदाज घेत पुढच्या सीटवर बसायचे. "फोन हातात नाही, फोन मांडीवर नाही, मान आणि खांद्याच्या मध्ये तर अजिबात नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. समोरचा माणूस सर्जन असो की वकील, ते त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यायचेच.

फोनशी बोलायची त्यांची एक खास पद्धत होती. आपण त्याला हुकूम सोडतो, काका विनंती करायचे. "जरा टेस्टला फोन लावता का?" असं अगदी अदबीनं विचारायचे, आणि फोन लागला की "आभारी आहे" म्हणायचे. यंत्राला कशाला अहो-जाहो करता, असं कोणी म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "दिवसभर लोकांची कामं करतंय बिचारं. दोन शब्द नीट बोलायला आपलं काय जातं?" बोलताना आवाज खणखणीत आणि न चाचरता निघाला पाहिजे, यासाठी ते तालीम घ्यायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्यानेच लग्न झालेल्या मुलाला त्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये धरलं. तो लाजत लाजत "मधुराला फोन लाव" म्हणायचा आणि काका "पोटातून, पोटातून!" म्हणून ओरडायचे. शेवटी त्याने डोळे मिटून अशी काही आरोळी ठोकली, की दोन्ही विंगच्या गॅलऱ्या भरल्या आणि मधुरा स्वतः हातात लाटणं घेऊन बाहेर आली. "अहो, काय झालं? मी इथेच आहे!" काकांनी समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "आता कळवा खाडीवरच्या ट्राफिकमध्येसुद्धा ऐकू जाईल."

पण खरा सोहळा पुढे असायचा, आणि तो म्हणजे टेस्ट. उभ्या गाडीत केलेली टेस्ट काकांना मान्य नव्हती. "उभ्या गाडीत काय, कोणीही बोलेल. खरी परीक्षा रस्त्यावर." टेस्टसाठी कोणत्या तिसऱ्या माणसाला त्रास नको म्हणून ते गाडीवाल्याच्या फोनमध्ये आपलाच नंबर घालायचे आणि नावाच्या जागी लिहायचे 'टेस्ट'. त्यामुळे इमारतीत सगळे त्यांना टेस्टकाका म्हणू लागले. मग काका जिना चढून घरी जायचे, खिडकीतल्या खुर्चीत बसायचे, फोन हातात घ्यायचे, चष्मा लावायचे आणि खिडकीतून हात हलवून इशारा द्यायचे. फोन ऐकायला चष्मा कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. गाडी गेटबाहेर पडली की चालवणाऱ्याने टेस्टला फोन लावायचा, आणि पहिल्याच रिंगला वरून आवाज यायचा, "हॅलो, आवाज येतोय का?" मग काच वर, काच खाली, एसीचा पंखा एकवर, मग तीनवर. "आता काहीतरी बोल." काय बोलू, असं विचारलं की म्हणायचे, "काहीही. आज डब्यात काय आहे?" दोन मिनिटांची टेस्ट शीळफाट्यापर्यंत चालायची. थंडीत काचा बंद असतात, उन्हाळ्यात एसी जोरात असतो, पावसात टपावर पाणी वाजतं, म्हणून दर ऋतूत फेरतपासणी असायची. काका मात्र आपणहून कोणाला फोन करायचे नाहीत. "गाडी चालवणाऱ्याला आपण फोन करायचा नाही. त्याला वाटलं तर तो करेल," हा त्यांचा नियम होता.

माझी टेस्ट इतरांपेक्षा जास्त लांबली, याला कारण आहे. माझा दवाखाना नौपाड्यात. दिवसभर मी बडबडत असते, पण समोरच्याचं तोंड माझ्याच हातात असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. 'आ करा', 'दुखतंय का', 'चूळ भरा' यापलीकडे माझा संवाद जात नाही. संध्याकाळी गाडी काढायची आणि ज्या घरात सकाळचा चहाचा कप जसाच्या तसा पडलेला असतो त्या घरी परतायचं. घटस्फोटानंतर लोकांनी 'कधीही फोन कर' असं पुष्कळ सांगितलं होतं. पण आपण फोन केला की पलीकडचा आवाज कसा मऊ होतो, ते मला सोसवायचं नाही. काकांचा आवाज कधीच मऊ झाला नाही. माझ्या जुन्या खटारा गाडीत त्यांनी ऊन अडवायला काचेवर ओढतात त्या झडपेला एक छोटा स्पीकर अडकवून दिला होता आणि तो दर आठवड्याला काही ना काही कुरकुर करायचा. मी फोन लावायचे, ते कुरकुरीचं निदान करायचे, आणि बोलता बोलता घर यायचं.

एकदा बायपासला ट्रेलर आडवा झाला आणि मी अडकून पडले. पुढे लाल दिवे, मागे लाल दिवे. टेस्ट संपली, डब्यातली भाजी सांगून झाली, तरी काका फोन ठेवेनात. मग त्यांनी आपल्या नोकरीचं सांगितलं. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूमला होते. प्लांटच्या अगदी टोकाला, टाक्यांपाशी, एक माणूस एकटा असायचा आणि त्याने तासातासाला कंट्रोल रूमला फोन करायचा, अशी पद्धत होती.

"काय सांगायचा तो?" मी विचारलं.

"सगळं ठीक. एवढंच."

"बस?"

"अगं, बस काय? तेवढंच तर ऐकायचं असतं. माणूस जागेवर आहे, सगळं ठीक आहे. मी तिथून हलू शकत नव्हतो आणि तोही हलू शकत नव्हता. एकदा त्याचा फोन आला नाही. पळत गेलो, तर गडी खुर्चीत घोरतोय. असा झापला त्याला! आणि मग माझ्या डब्यातली पोळी त्याच्यापुढे ठेवली." मग म्हणाले, "कंपनी बंद झाली. आई होती तोवर घरात आवाज होता. आता तुम्ही लोक आहात."

हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मी अंधाऱ्या काचेतून समोरच्या टेम्पोकडे बघत बसले आणि मला रडू आलं. कोणासाठी आलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पुढे दिवस बदलले. नव्या गाड्या येऊ लागल्या, त्यांच्यात टीव्हीसारखे पडदे आले, आणि गाडीत बसल्याबसल्या फोन आपोआप जोडला जाऊ लागला. नारळ फुटायचे, पेढे यायचे, पण पिशवीला काम राहिलं नाही. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून "झालं का सगळं?" विचारायचे आणि "झालं काका" ऐकून पुन्हा वर जायचे. ऋतू बदलले तरी फेरतपासणीला कोणी फोन करीना. त्यांना फोन यायचे ते कर्ज विकणाऱ्या मुलींचे. काका त्यांनाही सोडायचे नाहीत. "बाळ, तुझा आवाज फाटतोय. माईक तोंडापासून जरा लांब धर. हां, आता बोल." त्यातली एक मुलगी कर्ज विसरून त्यांच्याशी डब्यातल्या भाजीवर बोलत बसली होती, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं.

मग माझी खटारा गाडीही गेली. मी नवी घेतली, आणि काका जिना उतरले तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी होती. त्यांनी चपला काढल्या, शेजारी बसले, पडद्याकडे बघितलं. शोरूमवाल्यांनी सगळं आधीच जोडून दिलं होतं. मी मुद्दामच मदत मागावी म्हणून काहीतरी शोधत होते, तेवढ्यात गाडीच गोड आवाजात म्हणाली, की फोन जोडला गेला आहे. काकांनी पिशवीचा बंद उघडला होता, तो पुन्हा लावला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "मग माझं काही काम नाही म्हणायचं." चपला घालताना त्यांना डावी-उजवी सापडेना. मी उगाचच गाडीच्या मायलेजबद्दल बोलत राहिले.

तो सगळा आठवडा मी गप्प गाडी चालवली. पडद्यावर 'टेस्ट' हे नाव होतं, पण लावायचं काय कारण सांगून? 'सहज केला' म्हणणं आम्हा दोघांनाही जमणारं नव्हतं. शेवटी एका सकाळी दवाखान्यात जाताना शीळफाट्याला मला राहवलं नाही. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"काका, या गाडीत आवाज नीट येत नाही हो. घुमतो."

"घुमतो? थांब. काच वर घे. एसी एकवर. आता?"

"जरा बरं आहे. पण घुमतोच."

असं कळव्यापर्यंत चाललं. मग ते म्हणाले, "डॉक्टर, तुझा आवाज पहिल्यापासून एकदम स्वच्छ येतोय." पलीकडे ते थोडे खाकरले. "बाकी सगळं ठीक?"

"सगळं ठीक, काका."

"मग उद्या काच उघडी ठेवून बघू."

तेव्हापासून आमची टेस्ट रोज चालते. गाडी आता जुनी झाली. काका पहिल्या रिंगला फोन उचलत नाहीत, आठव्या-नवव्याला उचलतात. मी म्हटलं पेट्रोल संपत आलंय, तर ते म्हणाले, छान, सावकाश खा. माझ्या दवाखान्याच्या वरच कानाचे डॉक्टर बसतात. तिथे चला म्हणून मी मागे लागले तर उखडले, "टेस्ट मी करतो. माझी करायची नाही." तरी पुढच्या सोमवारी मी त्यांना गाडीत घालून नेणारच आहे. पिशवी बरोबर घेऊ देईन, म्हणजे येतील.

काल काटई नाक्यावर ट्राफिक तुंबलं होतं. दिवसभराने थकून मी सांगता सांगता मध्येच थांबले, आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलले नाही. गाडीत नुसता एसीचा आणि अर्ध्या उघड्या काचेतून येणारा हॉर्नचा आवाज होता. पडद्यावर फोन चालू दिसत होता.

"हं," काका म्हणाले. "बोल, बोल. आवाज एकदम स्वच्छ येतोय."

मी काच वर घेतली, आणि त्यांनीच शिकवलं होतं तसं पोटातून, खणखणीत आवाजात ओरडले, "सगळं ठीक आहे, काका!"