माशांचं खाद्य आणि आक्काचा हात

निपाणीजवळच्या आमच्या शेततळ्यात रोहू आणि कटला आहेत. मी राहतो बेळगावात, टिळकवाडीत; तळ्यावर जातो शनिवार-रविवारी. रोजचं खाद्य घालायची ती माझी थोरली बहीण, आक्का. मेहुणे गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हापासून शेत तिच्याच नजरेखाली आहे.

यंदा हिशोब बसेना. जाळं टाकून थोडे मासे तोलायचे, त्यावरून एकूण वजनाचा अंदाज काढायचा आणि त्याच्या शेकडा दोन-अडीच इतकंच खाद्य रोज द्यायचं, अशी रीत. एक किलो वाढीला पावणेदोन किलो खाद्य लागावं. आमच्याकडे तीन किलो जात होतं. कारण एका पहाटे दिसलं. मासे पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करत होते आणि आक्का, "भुकेली हाईत रं लेकरं," म्हणत पाटीनं खाद्य टाकत होती. ते भुकेले नव्हते. त्यांना श्वास पुरत नव्हता. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू कमी होत होता. मग तोंडं आणखी वर येत, आणि आक्का आणखी घाली.

हे तिला एकटीला सांगता आलं असतं. मी सांगितलं ते शेजारचे शेतकरी तळं बघायला आले होते तेव्हा, सगळ्यांदेखत, आकड्यांसकट. एकजण म्हणाला, "आक्का, माशास्नी पंगतीला बसवून वाढतीस व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. शिवाय खाद्याच्या खोलीला कुलूप लावून किल्ली गड्याकडे दिली.

दोन महिन्यांत आकडा दोनच्या खाली आला. पहाटे मासे वर येईनासे झाले. आक्काही तळ्याकडे जाईनाशी झाली.

परवा शनिवारी जेवायला बसलो. ताटावर हात आडवा धरला तरी बाजूनं भाकरी सरकवणारी ती, पण दोन भाकऱ्या वाढून थांबली आणि म्हणाली, "आणि वाढू काय? का जास्त हुतंय?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"वाढ की," मी म्हणालो. "आणि उद्या तळ्यावर चल आक्का. खाद्य तूच घाल."

"न्हाय रं. माझा हात सैल हाय."

माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागायची ते सुचेना. आकडे तर बरोबरच होते. तिनं भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि उरलेली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.