निम्मी वीज

अमेरिकी लष्करी तळावर सहा वर्षं दिवे बदलले, एवढ्या भांडवलावर गोरिओ आमच्या गल्लीत वीजतज्ज्ञ झाला.

फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, सकाळी शेजारच्या लुरिंगने लेकीने जपानहून पाठवलेला भाताचा कुकर काढला. तो शंभर व्होल्टचा, आमच्या घरांत दोनशेवीस. म्हणून लुरिंगने मध्ये जोडायला छोटा ट्रान्सफॉर्मरही आणला होता.

“हा डबा अडाण्यांसाठी, लुरिंगताई,” गोरिओ म्हणाला. “एक तार खांबाची, दुसरी नळाच्या पाइपला. निम्मीच वीज येते. तळावर असंच होतं.”

“वीस माणसं जेवायला यायचीत हो!”

“मग तांदूळ धुवा!”

खांबावरचा ट्रान्सफॉर्मर मधोमध जमिनीला जोडलेला असेल, तरच निम्मी येते. आमच्याकडे त्याचं एक टोकच जमिनीला जोडलंय, म्हणजे पूर्ण दोनशेवीस येते. ते बघायला मान वर करावी लागते. गोरिओची मान फक्त आमच्याकडे खाली बघायला वळते.

कुकरमधून धूर निघाला.

“जपानी माल नाजूकच,” तो म्हणाला.

लुरिंगने त्याला परसातल्या चुलीपुढे बसवलं आणि हातात फुंकणी दिली. “ही पूर्ण विजेवर चालते. फुंका.”

वीस जणांचा भात होईपर्यंत तो फुंकत होता आणि मधूनमधून कोंबड्यांना तळावरची वायरिंग समजावत होता.