मास्टरची कमाई

आमचे अब्बा किती कमावतात हे पौडच्या बाजारात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अम्मीला, मला आणि आमच्या घरातल्या तांदळाच्या डब्याला.

अब्बांचं कपडे शिवायचं दुकान होतं. पण त्यांना 'शिंपी' म्हटलेलं खपायचं नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, बेलबॉटमची लाट पिरंगुट ओलांडून आमच्यापर्यंत पोचली होती आणि अब्बांनी पेंटरला सांगून पाटीवर 'फॅशन' हा शब्द लाल रंगात घालून घेतला होता. हाताखाली दोन कारागीर होते. भिंतीवर कटिंगचा तक्ता, गळ्यात टेप. लोक त्यांना 'मास्टर' म्हणायचे. भरे, लवळे, पार मारुंजीहून पोरं पहिली पँट शिवायला आमच्याकडंच यायची.

आता कुणी सहज विचारावं, "काय मास्टर, किती सुटत्यात म्हैन्याला?" की झालंच. अब्बा कात्री खाली ठेवायचे, छाती काढायचे आणि म्हणायचे, "दोन हजाराला मरण न्हाई."

दोन हजार! अहो, ऐन लग्नसराईतल्या एका महिन्यात गल्ल्यात जमलेले ते सगळे पैसे. त्यातले निम्मे कारागिरांचे. मग दोरा, चेन, बटणं, अस्तर, इस्त्रीचा कोळसा, जागेचं भाडं. आणि पावसाळ्यात अख्खा मुळशी गुडघाभर चिखलात भात लावत असतो, तेव्हा पँट शिवायला कोण येतंय? हे सगळं वजा करायचं असतं हे अब्बांच्या गावीही नसायचं. चहाच्या टपरीवर दोन हजार, मशिदीबाहेर दोन हजार, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही दोन हजार. एकदा तर पाहुण्यांसमोर अडीच म्हणाले. अम्मीनं पडद्याआड कपाळाला हात लावला. मी मागून विचारलं, "अब्बा, हे पाचशे कधी वाढले?" तर म्हणाले, "पावणं साताऱ्याचं हायेत, त्यांना काय कमी सांगायचं?"

असल्या माणसाशी वाद तरी काय घालणार!

दहावी झाल्यावर मी हट्टानं पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या आळीतली मी पहिलीच मुलगी. ज्यांचं उत्पन्न कमी त्यांना तेव्हा ई.बी.सी.ची फीमाफी मिळायची. कॉलेजच्या क्लार्कनं बजावलं होतं, दिवाळीच्या सुट्टीआधी उत्पन्नाचा दाखला आणा, नाहीतर वर्षाची फी एकदम भरा, तेही नाही जमलं तर नाव कमी. फी भरायची आमची ताकद नव्हती. नाव कमी झालं असतं तर मी दुकानात काज-बटणं करत बसले असते आणि पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न. हे मला दिसत होतं, अम्मीला दिसत होतं. अब्बांनाही दिसत असणार, पण ते मान हलवून पुन्हा मशीनवर बसायचे.

शेवटी मी त्यांना अक्षरशः ओढत चावडीवर नेलं. तलाठी भाऊसाहेबांनी फॉर्म बघितला, अब्बांकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"मास्टर, चेष्टा लावलीय काय? परवा टपरीवर तुम्हीच म्हणालात, दोन हजार सुटतात. माझा पगार सांगू का तुम्हाला?"

मी अब्बांना कोपरानं ढोसलं. आता तरी बोला ना! चावडीत चारपाच माणसं बसली होती, त्यातली दोन आमची गिऱ्हाइकं. अब्बा टोपी सारखी करत म्हणाले, "आता... सीझनचं काय सांगता येतंय भाऊसाहेब. कमी-जास्ती चालायचंच."

कमी-जास्ती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचं शिक्षण टांगणीला लागलंय आणि हा माणूस दोन गिऱ्हाइकांसमोर तोरा सोडायला तयार नाही. भाऊसाहेबांनी वर सुनावलं, गावातल्या दोन वजनदार माणसांच्या सह्या आणा, की मास्टरची कमाई खरंच कमी आहे. मग लिहितो.

एक सही शेजारच्या किराणावाल्यानं लगेच दिली. आमच्या घरी तेल कुठल्या मापानं जातं ते त्याला पाठ होतं. दुसरी सही कुणाची? मीच सुचवलं, भरेच्या बागायतदार काकांची. मोठं खटलं, पंधरावीस एकर जमीन, त्यांचा शब्द तलाठी मोडणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या थोरल्याचा बार उडायचा होता आणि सगळ्या भाऊबंदांचे सफारी आमच्याकडं शिवायला टाकले होते. कापडाची थानं आठवड्यापूर्वीच दुकानात येऊन पडली होती. चाळीस सफारी! एवढी मोठी ऑर्डर अब्बांना जन्मात मिळाली नव्हती.

अब्बा म्हणाले, "त्यांच्याकडं नको."

"का नको?"

"नको म्हंतो ना."

कारण सांगायचं नाही, नुसतं नको. मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते. मग निमूट उठले आणि चप्पल घातली.

भरेला पोचलो तर काकांच्या पडवीत बैठक भरलेली. भाऊ, चुलते, व्याह्यांकडचे दोघं, मधे पानाचं तबक. काकांनी अब्बांना मानानं बसवलं. "या मास्टर! मापं घ्यायला आला का?" अब्बांनी फॉर्म पुढं केला. काकांनी वाचला आणि खो खो हसले.

"वा रं मास्टर! दोन हजाराचा गडी आन् सरकारला टोपी घालतोय व्हय? मी न्हाई बा खोटी सही करायचा."

सगळी पडवी हसली. अब्बाही हसले. हसले! तिथं माझा तोल गेला.

"खोटी नाही काका," मी म्हटलं, "मी सांगते हिशोब." आणि भर बैठकीत सांगितला. पँटीचे बारा घेतो, त्यातले सहा कारागिराचे. अडीच दोऱ्या-चेनीचे. उरलेल्या साडेतीनात भाडं, कोळसा, मशीनची दुरुस्ती. पावसाळ्यात दिवसाला एक पँट आली तर नशीब. आमच्या थोरल्या कारागिराच्या हातात वर्षाकाठी जे पडतं, तेवढंसुद्धा मालकाच्या हातात पडत नाही. दोन हजार वगैरे सगळ्या थापा आहेत. मी थांबलेच नाही. सोळा वर्षांची होते, पाठांतर चांगलं होतं आणि आपण केवढं खरं बोलतोय याची धुंदी चढली होती. अब्बा खाली मान घालून सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होते.

हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. काकांनी एकदा अब्बांकडं बघितलं आणि खिशातलं पेन काढलं. "आरं तिच्या," एवढंच म्हणाले आणि सही केली.

परतताना मी जवळजवळ पळत होते. एसटीची वाट बघताना अब्बांना ऐकवलंसुद्धा, "बघा, खरं बोललं की काम होतं. एवढ्यासाठी पंधरा दिवस डोक्याला ताप दिलात." ते म्हणाले, "फारम पिशवीत ठिव. घामानं शाई पसरंल."

दाखला मिळाला. फी माफ झाली.

चौथ्या दिवशी काका स्वतः दुकानात आले. मी कॉलेजातून नुकतीच आले होते. काका बाकड्यावर बसले, पाणी प्यायले, घोट घोट. मग म्हणाले, "मास्टर, राग मानू नगा. पावणंमंडळी आयकत न्हाईत. म्हंत्यात, ज्याचं दुकानच चालत न्हाई त्याच्या हातात चाळीस जणांचं कापड कशाला? म्या लई समजावलं. पर लग्नाचं काम हाय."

अब्बा म्हणाले, "व्हय व्हय, बरूबर हाय."

थानं त्यांनीच कपाटातून काढली. कात्री लागलेली नव्हती. दोन मेहुण्यांची मापं तेवढी घेतली होती, तो कागद अब्बांनी थानावर ठेवून दिला, म्हणाले, पुण्याच्या टेलरला दावा, त्याचा वेळ वाचंल. थानं घेऊन टेम्पो गेल्यावर दोन्ही कारागीर मशीन थांबवून बसून राहिले आणि मी आत जाऊन अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

मला जे तेव्हा कळलं, ते अब्बांना चावडीवर आणि पडवीत आधीच ठाऊक होतं. कपडे शिवून घेणारा माणूस टाका बघत नाही, त्याला टाका कळतच नाही. तो बघतो की इथं गर्दी आहे का, मालक खुशीत आहे का, भलेभले इथंच शिवतात का. ते दोन हजार अब्बा स्वतःसाठी सांगत नव्हते. पाटीवरच्या 'फॅशन'साठी सांगत होते आणि त्यावर दोन कारागिरांची आणि आमची चूल पेटत होती. पण मग हे मला एकदा धड सांगायला काय झालं होतं? घरात तरी तोंड उघडायचं! आजही आठवलं की मला राग येतो, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

बातमी बाजारात फिरायला कितीसा वेळ लागतो? त्या लग्नसराईत आमच्याकडं आल्या त्या फाटक्या पँटींच्या दुरुस्त्या, आल्टरच्या विजारी. थोरला कारागीर होळीनंतर पुण्याला एका रेडिमेडवाल्याकडं गेला. जाताना अब्बांच्या पाया पडला. "किती सुटत्यात मास्टर?" हे आता कुणी विचारत नव्हतं.

फीमाफीचा फॉर्म दरवर्षी नवा भरावा लागायचा. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा चावडीवर गेलो. तेच तलाठी, तीच माणसं बसलेली. भाऊसाहेबांनी मान वर न करता आकडा लिहिला, शिक्का मारला आणि कागद सरकवला.

"पंचांच्या सह्या?" मी विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक आहे."

मी अब्बांकडं बघितलं. वाटलं, आता टोपी सारखी करतील, छाती काढतील, या चार माणसांसमोर ठणकावून दोन हजार म्हणतील. दाखला गेला तर जाऊ दे, एकदा म्हणा अब्बा, खोटं बोला.

"मेहेरबानी भाऊसाहेब," अब्बा म्हणाले आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला.